काकूंनी पुसलेली तबकडी

आशालताकाकूंना जाऊन आता चार महिने होतील. सिंगापूरला, बुकित बातोकमधल्या त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, आम्ही मराठी मंडळातर्फे छोटी शोकसभा ठेवली होती. विश्वास बोलायला उभा राहिला. विश्वास मंडळाचा जुना कार्यकर्ता, मनाने वाईट नाही, पण माइक हातात आला की त्याला राहवत नाही. काकू किती टापटिपीच्या होत्या, कोविडमध्ये कोथिंबिरीची जुडीसुद्धा कशा पुसून घ्यायच्या, हे सांगता सांगता तो त्या तबकडीवर आला. शामकांतकाकांनी अर्धं आयुष्य शोधून मिळवलेली, त्यांच्या आईच्या आवाजातली एकुलती एक तबकडी काकूंनी स्पिरिटने पुसून कशी वाया घालवली, आणि तरीही काकांनी हसतमुखाने संसार कसा केला, असं सगळं त्याने रंगवून सांगितलं. लोक हळूच हसले. शोकसभेत तेवढं हसू चालतं. मी मात्र उठून लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले, कारण तिथे बसले असते तर त्याच्या हातातला माइक काढून घेतला असता.

काकूंनी ती तबकडी पुसली नव्हती. ज्यांच्यासाठी मी गप्प बसले होते ते दोघेही आता नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात काकांपासून करावी लागेल, त्याला इलाज नाही. काकूंचं सगळंच काकांपासून सुरू व्हायचं आणि त्या असतानाही मला याचा राग यायचा.

शामकांत मानकर जहाजावर इंजिनिअर होते. कंपनीची जहाजं सिंगापूरहून सुटायची म्हणून त्यांनी इथेच बिऱ्हाड केलं. काकू ठाण्याच्या. नवरा सहा-सहा महिने समुद्रावर, हाताशी लहानगा वरुण, आणि आजूबाजूला मराठीचा एक शब्द बोलणारं कोणी नाही, अशी वर्षं त्यांनी बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये काढली. इथल्या एका चाइल्डकेअरमध्ये नोकरी केली, चिनी शेजारणींकडून भाज्यांची नावं शिकल्या आणि तक्रार केल्याचं कोणाला आठवत नाही. जहाजावरचे बाकीचे लोक घरी येताना बायकोला अत्तरं आणायचे, टेपरेकॉर्डर आणायचे. काका जुन्या तबकड्या आणायचे. रंगून, कोलंबो, पेनांग, मोंबासा, जिथे जहाज लागेल तिथल्या जुन्या बाजारात जाऊन लाखेच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकड्या धुंडाळायच्या आणि कपड्यांत गुंडाळून घरी आणायच्या. काकू त्यांना सवती म्हणायच्या. "ह्या खेपेला तीन सवती आल्यात, आणि तिघींनाही बुरशी," असं त्या फोनवर सांगायच्या, आणि मग त्याच सवतींसाठी कपाटात उभे कप्पे करून घ्यायच्या, पावसाळी दमटपणा लागू नये म्हणून आत दिवा लावून ठेवायच्या.

मी आणि माझा नवरा प्रसन्न समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो तेव्हा काका निवृत्त झाले होते. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे ग्रामोफोन लागायचा आणि आम्हाला बोलावणं असायचं. काकांना १९२०च्या दशकाचं वेड होतं. त्याच्या अलीकडचं गाणं ते ऐकायचे, पण शेजाऱ्याच्या मुलाचं कौतुक करावं तसं, तोंडदेखलं. शनिवारी ते एक ख्यालाची तबकडी लावायचे आणि लगेच एखादी नाचाच्या बँडची, सॅक्सोफोन आणि बँजो असलेली. मी पुण्यात थोडंफार गाणं शिकलेली. भीमपलासनंतर तो नाचाचा फॉक्सट्रॉट हे मला बासुंदीत चिंच पिळल्यासारखं वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवलं. काका चिडले नाहीत. ते म्हणाले, तबकडीवर दोघांनाही तीनच मिनिटं मिळायची, हे तू विसरतेस.

मग त्यांनी मला त्या काळचं रेकॉर्डिंग समजावलं. विजेचे मायक्रोफोन आले नव्हते. भिंतीतून एक मोठा पत्र्याचा कर्णा बाहेर आलेला असायचा आणि त्यात तोंड घालून गायचं. तान जोरात आली की गायकाने मागे सरायचं, नाहीतर आवाज कोरणारी सुई मेणाच्या तबकडीतून उडायची. तबलजीला लांब बसवायचे. तिकडे अमेरिकेतही तीच गत, मोठा ढोल वाजवायला बंदी, म्हणून बिचारा ढोलवाला लाकडाचे ठोकळे वाजवायचा. रात्रभर राग मांडणारा गवई आणि रात्रभर लोकांना नाचवणारा बँड, दोघंही तीन मिनिटांत आपलं सगळं मांडून मोकळे व्हायला शिकले ते एकाच कर्ण्यासमोर. "कोणाचंही ऐक, सगळे घाईत आहेत आणि कोणीही घाई दाखवत नाही," असं ते म्हणाले. त्यानंतर मी चिंचेचं बोलणं सोडलं. काकू तेवढा वेळ आत काहीतरी तळत असायच्या. मला गाण्यातलं काही कळत नाही, असं त्या प्रत्येकाला सांगायच्या, पण खरखर बदलली की आतूनच ओरडायच्या, अहो, सुई बदला.

काकांच्या तबकड्यांमागे एक कारण होतं, ते मला काकूंनी सांगितलं. काकांची आई लग्नाआधीची वेणू कीर्तिकर. गिरगावातलं सुशिक्षित घर, मुलीला गाणं शिकवलेलं, पण घरात गाण्यासाठी. सतरा वर्षांची असताना कोण्या मामाच्या हौसेने तिची एक तबकडी निघाली. एका बाजूला भीमपलास. दुसऱ्या बाजूला मोटारीतून फिरायला जाण्यावरचं एक उडतं गाणं आणि साथीला हॉटेलात नाचासाठी वाजवणारे गोव्याचे वादक. ते थेट हॉटेलातून काळ्या कोटांतच आले होते म्हणे. घरंदाज मुलीचं नाव बाजारात नको म्हणून तबकडीवर नुसतं 'हौशी गायिका' छापायचं ठरलं. पण तेव्हा गाणं संपताना गायकाने आपलं नाव उच्चारायची पद्धत होती, ती मागे पडत चालली होती तरी पुरती गेली नव्हती. नाव घ्यायचं नाही असं बजावून आणलेल्या त्या पोरीने भीमपलास संपल्या संपल्या कर्ण्यात तोंड घालून खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं. दुसरं मेण खर्ची घालायला कंपनी तयार नव्हती. तबकडी तशीच निघाली. मामाला घरी काय ऐकावं लागलं असेल ते असो.

लग्नानंतर वेणूबाई गायल्या नाहीत. घरातली तबकडी कोणी फोडली, कोणी दिली, कोण जाणे. काका शेंडेफळ. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. हा सगळा किस्सा त्यांना मोठ्या बहिणीकडून कळला, आणि आईचा आवाज काही केल्या आठवत नाही हेही त्यांना तेव्हाच कळलं. फोटोत चेहरा होता, आवाज कुठेच नव्हता. म्हणून बंदरोबंदरी ते 'हौशी गायिका' लिहिलेली प्रत्येक तबकडी घ्यायचे आणि शेवटपर्यंत ऐकायचे. इतकी वर्षं गाण्याच्या शेवटी दुसऱ्याच कोणाचं तरी नाव यायचं, किंवा काहीच यायचं नाही.

ती तबकडी आली कोविडच्या दुसऱ्या वर्षी, पेनांगहून. तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी दुकानदाराला काकांचा शोध ठाऊक होता. बंद झालेल्या एका घरातलं सामान विकताना त्याला ती सापडली. तेव्हा घरी दोनच पाहुणे चालायचे, म्हणून प्रसन्न आणि मी मास्क लावून गेलो. काकांनी आधी ती एकट्याने ऐकली होती. आमच्यासाठी त्यांनी ती दुसऱ्यांदा लावली.

मी खूप गाणं ऐकलं आहे, त्यामुळे खोटं बोलणार नाही. ते फार मोठं गाणं नव्हतं. आवाज कोवळा, थोडा नाकातला, तानेला धाप लागलेली. पण समेवर येताना ती मुलगी किंचित थांबायची, आपण येणार हे समोरच्याला कळू द्यायची आणि मग यायची. शेवटी ते नाव. मोटारीच्या गाण्यात तर सॅक्सोफोनवाला तिच्यामागे धावत होता आणि ती त्याला सापडत नव्हती. ती हसते आहे हे आवाजावरून कळत होतं. काका खुर्चीत ताठ बसून रडत होते, नाक पुसायचंही त्यांना भान नव्हतं. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मी फोनवर रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं. काका भडकलेच. एवढ्या वर्षांनी आलेल्या आईला मोबाइलच्या डबड्यात कोंबायचं नाही, नीटच उतरवून घ्यायची, आणि तोवर लावायची नाही, कारण लोखंडी सुई प्रत्येक वेळी थोडी थोडी तबकडी खाते. बरोबरच होतं त्यांचं. प्रसन्नच्या ओळखीचा एक साउंड इंजिनिअर बिशानला राहायचा, त्याच्याकडे अशा तबकड्या उतरवायचं यंत्र आणि योग्य सुई होती. निर्बंध सैल झाल्यावरची एक शनिवारची सकाळ ठरली. आम्ही टॅक्सी घेऊन काकांना आणि तबकडीला न्यायचं होतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. लाखेची तबकडी आणि नंतरची प्लास्टिकची तबकडी यांत मोठा फरक हा की प्लास्टिकची स्पिरिटने पुसली तर चकचकीत होते आणि लाखेची विरघळते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरला पॉलिश करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. काका प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यांदा हेच सांगायचे. मला सांगितलं होतं, प्रसन्नला सांगितलं होतं, वरुणला तो चालायला लागल्यापासून सांगत असतील. थोडं साबणाचं पाणी, मऊ कापड, बस.

त्या शनिवारी दार काकूंनी उघडलं. बरोबर द्यायला म्हणून पराठे करत होत्या, दोन्ही हातांना कोपरापर्यंत कणीक. त्या नुसत्या बाजूला झाल्या. जेवणाच्या टेबलाशी काका बसले होते. समोर पांढऱ्या पंच्यावर तबकडी, शेजारी स्पिरिटची बाटली, कापसाचे काळे-तपकिरी बोळे. काकांना मधुमेह होता. रोज सकाळी इन्सुलिन घेताना ते कापसावर स्पिरिट घेऊन पोटाची जागा पुसायचे, वर्षानुवर्षं. त्या सकाळी त्यांनी इंजेक्शन घेतलं, आणि आईला बाहेर न्यायचं म्हणून त्याच कापसाने तिलाही स्वच्छ पुसलं. दोन्ही बाजूंनी. तबकडी मंद, चिकट, राखाडी झाली होती. खाचा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. काकांच्या बोटांची टोकं काळी होती.

ते आपल्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या क्षणी मला गेल्या वर्षभरातल्या कितीतरी गोष्टी कळल्या. लिटिल इंडियाला रवा आणायला गेलेले काका संध्याकाळी भलत्याच स्टेशनवर का सापडले, रंगूनच्या गोष्टीत मोंबासाचा बाजार का यायचा, आणि ते बोलता बोलता अडले की काकू पुढचा शब्द इतक्या घाईने का पुरवायच्या. मला वाटायचं, काकूंना मध्ये बोलायची खोड आहे.

"मी केलं," काकू म्हणाल्या. "रात्रीच पुसून ठेवली. घाण दिसत होती."

मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "आशा, तू माझी आई पुसून टाकलीस."

नंतर काकू आत गेल्या आणि राहिलेले पराठे लाटू लागल्या. मी मागून गेले. कणीक लाटण्याला चिकटत होती, त्यांना पीठ घ्यायचं सुचत नव्हतं. त्यांनी मला बजावलं की यातला एक शब्दही बाहेर जाता कामा नये, वरुणलाही नाही.

डॉक्टरांनी पुढे आजाराला नाव दिलं, ते आपल्या सगळ्यांना आता ठाऊक असलेलंच नाव आहे. वरुण मेलबर्नहून येऊन गेला, औषधं सुरू झाली. तबकडीची गोष्ट मात्र संपली नाही. काका दर दोन-चार दिवसांनी कपाट उघडायचे, पेनांगची तबकडी आनंदाने बाहेर काढायचे आणि पाकिटातून काढल्यावर त्यांचा चेहरा उतरायचा. हे कोणी केलं, म्हणून विचारायचे. काकू म्हणायच्या, मी. मग तोच राग, तीच बोलणी, त्या दिवशी काकूंच्या हातचं जेवायचं नाही. संध्याकाळपर्यंत ते विसरायचे आणि भूक लागली म्हणायचे. काकांसाठी प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच घडायचं. काकूंसाठी तसं नव्हतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

मला ते पाहवायचं नाही. एकदा मी चिडून म्हटलं की ती मेलेली तबकडी एकदाची टाकून द्या, नाहीतर मी टाकते. काकू मोड आलेले मूग निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नसली तर शोधत बसतील गं. शोधताना त्यांचा जीव नुसता कासावीस होतो. सापडली तर फक्त माझ्यावर रागावतात."

आणि खरं का सांगत नाही? तेही विचारलं मी. एकदा सांगितलं होतं, म्हणाल्या. अगदी सुरुवातीला, एका सकाळी धीर करून. तेव्हा काका बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले आणि काही केल्या बाहेर येईनात. आतून नुसता नळाचा आवाज. बाहेर आले तेव्हा हात घासून घासून लाल झाले होते. संध्याकाळी तेही विसरले, पण काकूंनी ते एकदाच पाहिलं आणि ठरवलं की पुरे.

बाहेर ही गोष्ट पसरली ती काकांमुळेच. कोणीही भेटलं की ते सांगायचे, आमच्या हिने आईची तबकडी पुसली. काकूंचं कोविडमधलं पुसणं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ते कोणालाही पटायचं. पाडव्याच्या कार्यक्रमात विश्वास आपला चष्मा काढून काकूंपुढे धरून म्हणाला होता, काकू, जरा पुसून देता का, पण स्पिरिट नको हं. काकू हसल्या आणि पदराने त्याचा चष्मा पुसून दिला. मी घरी येऊन प्रसन्नवर उगाच ओरडले.

काका दोन वर्षांनी गेले, न्यूमोनियाने. मंडाईच्या दाहगृहात सगळं आटोपलं, वरुण परत गेला, आणि एका दुपारी मी काकूंकडे गेले ती ठरवूनच. म्हटलं, आता तरी लोकांना खरं सांगू या. तुम्ही नका सांगू, मी सांगते. विश्वासपासूनच सुरुवात करते. काकू काकांचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होत्या, देऊन टाकायला. त्या नाही म्हणाल्या. मी हट्ट धरला. तुम्ही काय म्हणून हा डाग अंगावर वागवायचा, असंही बोलून गेले.

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलमध्ये नेण्याच्या आदल्या दिवशी, त्या काकांना चमच्याने दुधीचं सूप भरवत होत्या. काका दोन-तीन दिवस बोललेच नव्हते. तबकडीही कित्येक आठवड्यांत निघाली नव्हती. अचानक त्यांनी काकूंचं मनगट धरलं.

"आशा," ते म्हणाले, "ती तबकडी. जाऊ दे आता. तू काही मुद्दाम नाही केलंस. लाखेला स्पिरिट चालत नाही, हे मीच तुला नीट सांगायला हवं होतं."

काकू शर्टाची घडी हातात धरून थांबल्या. दोन वर्षं बोलणी खाल्ली तेव्हा कधी रडू आलं नाही, त्या म्हणाल्या, पण त्या दिवशी इतकं आलं की सूप सांडलं. इतकं हलकं वाटलं, जणू खरंच आपल्याच हातून झालं होतं.

"तू म्हणतेस, खरं सांगू या," त्या म्हणाल्या. "पण मी केलं नाही म्हटलं, तर त्यांनी ती माफी कोणाला दिली गं?"

बाहेरच्या जगाकडून मी त्यांना न्याय मिळवून द्यायला निघाले होते आणि त्यांच्यापाशी नवऱ्याने शेवटचं दिलेलं एवढंच काय ते होतं. मी खाली बसले आणि उरलेल्या शर्टांच्या घड्या घालू लागले.